स्वतः बिल्ड केलेल्या पायथनमध्ये मॉड्यूल सापडत नाही तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिनक्स सर्व्हरसोबत आलेला पायथन जुना होता, म्हणून ३.११ चा सोर्स उतरवून कॉन्फिगर, मेक आणि मेक इन्स्टॉल या बिल्डच्या तीन पायऱ्या करून तो '/ऑप्ट' खाली बसवला. पायथन सुरू होतो, आवृत्ती बरोबर सांगतो, लहानसहान स्क्रिप्टही चालतात. पण अ‍ॅप्लिकेशन सुरू केलं की 'नो मॉड्यूल नेम्ड _एसएसएल' असा एरर येतो, म्हणजे सुरक्षित जोडणीचं मॉड्यूल सापडत नाही. दुसऱ्या एका स्क्रिप्टला नमपाय हे गणिताचं पॅकेज सापडत नाही, आणि पिप या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला विचारलं तर तो म्हणतो की नमपाय आधीच इन्स्टॉल आहे. पायथनपाथ, म्हणजे मॉड्यूल शोधायचे जादा फोल्डर सांगणारं चल, लावून पाहिला. शेवटी सिस्टिमच्या पायथनमधली _एसएसएलची '.एसओ', म्हणजे कंपाइल केलेली, फाइल नव्या पायथनच्या फोल्डरमध्ये कॉपी केली. आता एरर बदललाय, पण अ‍ॅप्लिकेशन अजूनही सुरू होत नाही.

पुढे काहीही करण्याआधी दोन गोष्टी मागे घ्या. ती कॉपी केलेली फाइल पुसून टाका आणि पायथनपाथ अनसेट करा. त्यांनी मूळ बिघाड सुटत नाही, फक्त झाकला जातो, आणि मग शोधणाऱ्याला तो दुप्पट वेळ छळतो.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे बिघाड एकत्र आले आहेत. _एसएसएल मॉड्यूल बिल्डच झालेलं नाही. नमपाय झालेलं आहे, पण ते दुसऱ्याच पायथनच्या घरात राहतंय. यांच्या जोडीला तिसरा प्रकारही नेहमी भेटतो: मॉड्यूल बिल्ड झालंय, जागेवरही आहे, पण ज्या लायब्ररीच्या आधारावर ते उभं आहे तीच मशीनवर नाही. तिन्ही वेळा एररची शेवटची ओळ वरवर सारखीच वाटते आणि इलाज मात्र पूर्ण वेगळे आहेत. म्हणून आधी आपल्याला यातलं काय झालंय ते ठरवायचं, मग हात घालायचा.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करा: आत्ता बोलतोय तो पायथन कुठला? ज्या पद्धतीने अ‍ॅप्लिकेशन चालतं, अगदी त्याच पद्धतीने आणि त्याच युजरखाली सिस.एक्झिक्युटेबल, सिस.प्रीफिक्स आणि सिस.पाथ, म्हणजे पायथनचा पत्ता, त्याचं घर आणि मॉड्यूल शोधायच्या जागा, छापून बघा. तुम्ही टर्मिनलवर पाहता तो पायथन आणि सर्व्हिस चालवणारा सिस्टिमडी किंवा ठरल्या वेळी काम करणारा क्रॉन उचलतो तो पायथन एकच असेल असं धरून चालू नका, कारण त्यांचा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरची यादी, तुमच्या शेलच्या पाथपेक्षा तोकडा असतो. दुसऱ्या युजरच्या अधिकाराने कमांड चालवणारा सुडोही बऱ्याच सिस्टिमवर स्वतःचा 'सिक्युअर पाथ' वापरतो, त्यामुळे तुमच्या प्रोफाइलमध्ये '/ऑप्ट' कितीही आधी लिहिलेलं असलं तरी सुडोला त्याचं सोयरसुतक नसतं. बॅशची एक खोड लक्षात ठेवा: एकदा सापडलेल्या कमांडचा पत्ता तो त्या सेशनपुरता लक्षात ठेवतो. नवा पायथन बसवल्यावर 'हॅश -आर' केलं नाही तर त्या टर्मिनलमध्ये जुनाच पायथन चालत राहतो. याच एका कारणाने लोकांनी पूर्ण बिल्ड पुन्हा केलेलं मी पाहिलंय.

पिपचंही तसंच. पिप ही शेवटी एक छोटी स्क्रिप्ट आहे आणि तिच्या पहिल्या ओळीत ज्या पायथनचा पत्ता असेल त्याच्यासाठीच ती पॅकेज बसवते. म्हणून नुसतं 'पिप इन्स्टॉल' लिहायची सवय सोडा. नव्या पायथनचा पूर्ण पत्ता लिहायचा, पुढे '-एम पिप', आणि मग जे काय करायचं ते. आता तुमच्या नमपायच्या बाबतीत पिपने दिलेला संदेश पुन्हा एकदा शांतपणे वाचा. 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड' एवढ्यावर तो थांबत नाही, पुढे ते पॅकेज कुठे आहे तो फोल्डरही छापतो. तिथे '/यूएसआर/लिब/पायथन३/डिस्ट-पॅकेजेस' असं दिसलं तर विषय संपला: तो पिप सिस्टिमच्या पायथनचा आहे.

हे 'डिस्ट-पॅकेजेस' नाव डेबियन आणि उबुंटू या डिस्ट्रोंनी, म्हणजे लिनक्सच्या तयार वितरणांनी, मुद्दाम ठेवलेलं आहे. सोर्सवरून बिल्ड केलेला पायथन त्याची पॅकेजेस 'साइट-पॅकेजेस'मध्ये शोधतो. डिस्ट्रोने आपली पॅकेजेस वेगळ्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली की दोन्ही पायथन एकमेकांच्या पायात येत नाहीत. म्हणजे अ‍ॅप्ट या डिस्ट्रोच्या साधनाने बसवलेलं पॅकेज तुमच्या पायथनला दिसत नाही ही चूक नाही, ते संरक्षण आहे. पायथनपाथमध्ये तो फोल्डर टाकून तुम्ही नेमकं ते संरक्षण काढलंत. नमपायचा फोल्डर मग सापडतो, पण आतला सी भाषेतला भाग दुसऱ्या आवृत्तीसाठी कंपाइल केलेला असतो, आणि नमपाय मोठ्या अक्षरांत 'कृपया हे वाचा' असं सांगत लांबलचक संदेश देतं. त्या संदेशात पायथनची आवृत्ती आणि एक्झिक्युटेबलचा पत्ताही छापलेला असतो. लोक तो घाबरून बंद करतात, पण खरं तर उत्तर तिथेच असतं. इलाज एकच: नव्या पायथनच्या पिपने नमपाय नव्याने बसवा.

एक जागा मात्र हे संरक्षण भेदते. होम फोल्डरमधलं '.लोकल' खालचं युजर साइट-पॅकेजेस फक्त '३.११' एवढ्या आवृत्ती क्रमांकाने ठरतं. सिस्टिमचा ३.११ आणि तुमचा ३.११ दोन्ही असतील तर दोघेही तिथलीच पॅकेजेस उचलतात. शंका आली की पायथनला '-आय', म्हणजे मोठा आय, हा पर्याय देऊन चालवा. त्यात पायथनपाथसारखी सगळी पर्यावरण चलं आणि युजर साइट बाजूला राहतात. एरर बदलला किंवा गेला तर बाहेरून काहीतरी शिरत होतं हे नक्की.

आता मुख्य दुखणं, _एसएसएल. ट्रेसबॅक, म्हणजे एररसोबत छापला जाणारा मार्ग, जवळून बघा. तुमच्या अ‍ॅप्लिकेशनने 'इम्पोर्ट एसएसएल' म्हटलंय, अंडरस्कोर नसलेलं. ते सापडलं, कारण ट्रेसबॅकमध्ये '/ऑप्ट' खालच्या 'एसएसएल.पीवाय' फाइलचा पत्ता दिसतोय. त्या फाइलच्या आत पुढे 'इम्पोर्ट _एसएसएल' अशी ओळ आहे, आणि तिच्याच शेजारी पायथनच्या निर्मात्यांनी कॉमेंट लिहून ठेवली आहे की हे इम्पोर्ट झालं नाही तर एरर तसाच वर जाऊ द्या. म्हणजे दर्शनी भाग आहे, आतलं यंत्र नाही. पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत सी भाषेत लिहिलेल्या आतल्या मॉड्यूलच्या नावाआधी बहुतेक वेळा अंडरस्कोर असतो. '_एसएसएल', '_सीटाइप्स', '_एसक्यूलाइट३', '_बीझेड२', '_एलझेडएमए', '_टीकेइंटर' यांपैकी काहीही न सापडल्याचा एरर आला तर पिपकडे वळायचंच नाही. झेडलिब आणि रीडलाइन यांना अंडरस्कोर नाही, पण तीही याच जातीची. ती पिपने मिळत नाहीत. पिपच्या साठ्यात 'एसएसएल' नावाचं एक पॅकेज आहे खरं, पण ते पायथन २.५ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी होतं. आज ते बसवायला जाल तर आणखी एक न समजणारा एरर पदरात पडेल. शिवाय ज्या पायथनला एसएसएल नाही त्याचा पिप इंटरनेटवरून काही उतरवूच शकत नाही, तो आधीच तशी सूचना देऊन थांबतो.

हे मॉड्यूल बिल्ड का झालं नाही? पायथनचा सोर्स स्वतःसोबत ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी आणत नाही. बिल्ड करताना तो मशीनवरच्या ओपनएसएसएलच्या हेडर फाइली, म्हणजे कंपाइल करताना लागणारी लायब्ररीची वर्णनं, शोधतो. सर्व्हरवर ओपनएसएसएल असतंच, पण ते चालवण्यापुरतं. हेडर फाइली वेगळ्या पॅकेजमध्ये असतात: डेबियन-उबुंटूच्या जगात नावाच्या शेवटी 'डेव्ह', रेड हॅटच्या जगात 'डेव्हेल'. हेडर सापडले नाहीत तर पायथन ते मॉड्यूल ऐच्छिक समजून सोडून देतो आणि पुढे जातो. मेक यशस्वी झाल्याचंच सांगतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे: बिल्ड मोडत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि खरा बिघाड आठवड्यांनी, तोही अ‍ॅप्लिकेशनच्या तोंडून कळतो.

मेकने मात्र ते सांगितलेलं असतं. आउटपुटच्या शेवटाकडे 'द नेसेसरी बिट्स टू बिल्ड दीज ऑप्शनल मॉड्यूल्स वेअर नॉट फाउंड' अशी ओळ आणि खाली मॉड्यूलची नावं असतात. अनेक कोअर लावून मेक चालवला की ही ओळ शेकडो ओळींत वाहून जाते, म्हणून मेकचं आउटपुट नेहमी फाइलमध्ये साठवा. तिथे दुसरीही एक यादी येऊ शकते: 'बिल्ड झाली पण इम्पोर्ट करता आली नाहीत म्हणून काढली' अशा अर्थाची. या दोन याद्यांतला फरक ओळखणं फार महत्त्वाचं आहे. पहिल्या यादीतल्या मॉड्यूलला हेडर मिळाले नाहीत. दुसऱ्या यादीतल्याला हेडर मिळाले, कंपाइलही झालं, पण चालवताना लायब्ररी सापडली नाही. त्या फाइलच्या नावात पायथन 'फेल्ड' असा शब्द घालून ती बाजूला ठेवतो. दुसऱ्या यादीतल्या बिघाडावर डेव्ह पॅकेज बसवत बसलात तर दिवस जाईल आणि हाती काही लागणार नाही.

कुठल्या मॉड्यूलला काय लागतं ते डेबियन-उबुंटूच्या नावांनी सांगतो. _एसएसएलला लिबएसएसएल-डेव्ह. _सीटाइप्सला लिबएफएफआय-डेव्ह, आणि हे ३.७ पासून विशेष जाणवतं, कारण तोवर लिनक्सवर पायथन स्वतःसोबतची लिबएफएफआयची प्रत वापरू शकत होता, ती सोय तेव्हा गेली. झेडलिबला झेडलिब१जी-डेव्ह. हे नसेल तर बहुधा मेक इन्स्टॉलच्या शेवटी पिप बसवतानाच 'झेडलिब उपलब्ध नाही' म्हणून गाडी अडते, म्हणजे हा बिघाड निदान लवकर तरी कळतो. _एसक्यूलाइट३ला लिबएसक्यूलाइट३-डेव्ह, _बीझेड२ला लिबबीझेड२-डेव्ह, _एलझेडएमएला लिबएलझेडएमए-डेव्ह, रीडलाइनला लिबरीडलाइन-डेव्ह, _टीकेइंटरला टीके-डेव्ह. रेड हॅटच्या बाजूला शेवट बदलतो, काही नावांची सुरुवातही बदलते, आणि एक नाव जास्त चकवतं: _एलझेडएमएसाठी तिथे एक्सझेड-डेव्हेल लागतं. पीकेजी-कॉन्फिगही मशीनवर असू द्या, नवीन आवृत्त्यांचं कॉन्फिगर काही लायब्ररी त्याच्यामार्फत शोधतं.

_एलझेडएमए बहुतेक लोक सोडून देतात, कारण त्याच्यामुळे लगेच काही मोडत नाही. पुढे पांडाज हे डेटाचं पॅकेज इम्पोर्ट करताना इशारा येतो की तुमचा पायथन अपुरा आहे. तो इशारा खरा आहे आणि लॉगमध्ये दिसला तर दुर्लक्ष करू नका. आज ते मॉड्यूल नाही म्हणजे बिल्डच्या दिवशी आणखी काय राहिलं ते कुणी पाहिलेलं नाही.

एसएसएलकडे थोडं जास्त थांबायला हवं, कारण तिथे नुसतं डेव्ह पॅकेज बसवून नेहमी भागत नाही. पायथन ३.१० पासून ओपनएसएसएल १.१.१ किंवा त्यापुढचं लागतं, हे पेप ६४४ या पायथनच्या अधिकृत प्रस्तावाने ठरलं. सेंटओएस ७ सोबत ओपनएसएसएल १.०.२ येतं. तिथे डेव्हेल पॅकेज बसवलंत, हेडर सापडले, तरी _एसएसएल बिल्ड होणार नाही, कारण आवृत्ती जुनी आहे. त्या सिस्टिमची अधिकृत देखभाल जून २०२४ अखेर संपली, पण असे सर्व्हर अजून चालू आहेत. अशा ठिकाणी लोक ओपनएसएसएलही सोर्सवरून बिल्ड करतात आणि पायथनच्या कॉन्फिगरला '--विथ-ओपनएसएसएल' देऊन त्याचा पत्ता सांगतात. तरीही कॉन्फिगर 'सापडलं नाही' म्हणतं. कारण बारीक आहे. ओपनएसएसएल ३ हे ६४ बिट लिनक्सवर आपल्या लायब्ररी 'लिब६४' नावाच्या फोल्डरमध्ये टाकतं आणि पायथनचं कॉन्फिगर दिलेल्या पत्त्याखाली 'लिब' फोल्डर बघतं. ओपनएसएसएल बिल्ड करतानाच '--लिबडिर=लिब' दिलं की हा घोळ मिटतो.

पण त्यानंतरही बिल्ड झालेलं मॉड्यूल चालताना आपली लायब्ररी शोधतं, आणि '/ऑप्ट' हा लायब्ररी शोधून उघडणाऱ्या लोडरच्या नेहमीच्या वाटेवरचा पत्ता नाही. त्यासाठी ३.१० पासून '--विथ-ओपनएसएसएल-आरपाथ=ऑटो' हा पर्याय आहे. त्याने लायब्ररीचा पत्ता मॉड्यूलच्या फाइलमध्येच कोरला जातो. एलडी लायब्ररी पाथ हे चल प्रोफाइलमध्ये टाकूनही काम होतं, पण मी ते टाळतो. ते फक्त त्या शेलपुरतं असतं, सर्व्हिसला मिळत नाही, आणि जिथे मिळतं तिथे इतर प्रोग्रामनाही चुकीची लायब्ररी उचलायला लावतं.

इथून आपण तिसऱ्या प्रकारात आलो: मॉड्यूल आहे, आधार नाही. याचा एरर वेगळा ओळखू येतो. 'नो मॉड्यूल नेम्ड'च्या जागी एखाद्या '.एसओ' फाइलचं नाव आणि 'कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल' असं लिहिलेलं असतं. बारकाईने पाहाल तर अपवादाचं नावही बदलतं: मॉड्यूल सापडलंच नाही तर मॉड्यूलनॉटफाउंडएरर, जो ३.६ मध्ये आला, आणि सापडून उघडता आलं नाही तर नुसता इम्पोर्टएरर. एका शब्दाचा फरक आहे, पण अर्धं निदान त्यात आहे. 'लिब-डायनलोड' फोल्डरमधल्या त्या मॉड्यूलच्या फाइलवर एलडीडी (फाइलला लागणाऱ्या लायब्ररींची यादी देणारी कमांड) चालवा. ज्या लायब्ररीपुढे 'नॉट फाउंड' दिसेल ती तुमची हरवलेली लायब्ररी.

हे बहुधा दोन प्रसंगांत होतं. एक, ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केली. उबुंटू २०.०४ वर बिल्ड केलेला पायथन ओपनएसएसएल १.१ वर उभा असतो. २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ आलं आणि १.१ गेलं. लिबएफएफआयच्या फाइलचा क्रमांकही ७ वरून ८ झाला. त्यामुळे अपग्रेडच्या दुसऱ्या दिवशी _एसएसएल आणि _सीटाइप्स दोन्ही एकदम पडतात, आणि पायथनला तर कुणी हातही लावलेला नसतो. दुसरा प्रसंग कंटेनरचा: एका मोठ्या इमेजमध्ये पायथन बिल्ड करायचा आणि तयार फोल्डर लहान इमेजमध्ये कॉपी करायचा. फोल्डर जातो, पण त्याच्याबाहेर राहणाऱ्या लायब्ररी मागेच राहतात. लहान इमेजमध्ये डेव्ह पॅकेज नको, पण त्यांची चालवण्यापुरती जोडीदार पॅकेजेस हवीतच, आणि दोन्ही इमेज एकाच डिस्ट्रोच्या एकाच आवृत्तीच्या हव्यात.

कॉन्फिगरला '--इनेबल-शेअर्ड' दिलं असेल तर हाच प्रकार खुद्द पायथनच्या बाबतीत होतो: त्याचा गाभा लिबपायथन नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये जातो. ती फाइल सापडली नाही तर पायथन सुरूच होत नाही, ते एका अर्थी बरं. वाईट प्रसंग असा की त्याच आवृत्तीची सिस्टिमची लिबपायथन आधी सापडते. मग तुमचा पायथन सिस्टिमच्या गाभ्यावर चालतो, आणि तुम्ही बिल्डमध्ये केलेले बदल कुठे गेले ते कळत नाही. पायथनच्या एक्झिक्युटेबलवर एलडीडी चालवून लिबपायथनपुढचा पत्ता आपलाच आहे ना ते पाहा.

आता तुम्ही कॉपी केलेली '.एसओ' फाइल. पायथन ३.२ पासून सी मॉड्यूलच्या फाइलच्या नावातच आवृत्ती लिहिलेली असते. ३.८ ची फाइल असेल तर नावात 'सीपायथन-३८' असतं आणि ३.११ तिच्याकडे बघतही नाही. तुमचा एरर बदलला, याचा अर्थ तुम्ही नावातला तो भाग काढला असणार. मग पायथनने ती उघडली आणि 'अनडिफाइन्ड सिंबॉल' (आत हवं ते फंक्शन किंवा नाव नाही) किंवा तसंच काही आलं. तो भाग काढला म्हणून आतला कोड बदलत नाही. आवृत्ती बदलली की आतल्या रचना बदलतात, आणि अशी फाइल चुकून उघडली गेलीच तर पुढे कधीतरी प्रोसेस अचानक कोसळते. त्यापेक्षा सरळ एरर परवडला.

एकाच आवृत्तीचे दोन पायथनही प्रत्येक वेळी जुळतातच असं नाही. पायथन २ च्या काळात सोर्सवरून साधा बिल्ड केला तर तो यूनिकोड दोन बाइटचा धरायचा आणि लिनक्स डिस्ट्रो चार बाइटचा. आवृत्ती तीच, पण एकाचं मॉड्यूल दुसऱ्यात गेलं की 'यूसीएस२' किंवा 'यूसीएस४' असलेला न सापडणारा सिंबॉल. पायथन ३.३ ने हा भेद मिटवला. आज त्याच्या जागी ३.१३ पासूनचा जीआयएल (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं कुलूप) नसलेला बिल्ड आलाय. त्याच्या फोल्डरच्या आणि फाइलींच्या नावात आवृत्तीपुढे 'टी' असतो आणि त्याला त्याचीच मॉड्यूल्स लागतात. तुम्ही कॉन्फिगरला काय काय दिलं होतं ते आठवत नसेल तर पायथनलाच विचारा: सिसकॉन्फिग मॉड्यूलमधून 'कॉन्फिग_आर्ग्ज' या नावाचं मूल्य छापा, बिल्डच्या वेळचे सगळे पर्याय जसेच्या तसे मिळतात. दुसऱ्या कुणी बिल्ड केलेला पायथन वारशाने आला असेल तर मी सगळ्यात आधी हेच बघतो.

फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवला असेल तर वेगळंच दृश्य दिसतं. पायथन सुरू होताना आपलं घर ओळखण्यासाठी काही खुणा शोधतो: 'ओएस.पीवाय' फाइल कुठे आहे, 'लिब-डायनलोड' फोल्डर कुठे आहे. त्या सापडल्या नाहीत तर 'एन्कोडिंग्ज' नावाचं मॉड्यूल नाही म्हणून तो जन्मतःच थांबतो. असा एरर दिसला की एन्कोडिंग्ज शोधू नका. एकतर लिब फोल्डर सोबत न येता मागेच राहिलाय, नाहीतर कुणीतरी पायथनहोम हे चल लावून ठेवलंय आणि ते दुसऱ्या पायथनकडे बोट दाखवतंय. दुसरं कारण जास्त वेळा निघतं. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटही (एका प्रोजेक्टपुरती पायथनची वेगळी जागा) अशा वेळी मोडतात, कारण त्यांच्यात मूळ पायथनचा पत्ता लिहिलेला असतो. त्या दुरुस्त करत बसू नका, पॅकेजची यादी घेऊन नव्याने बनवा.

एक बिघाड मी स्वतः दोन दिवस शोधलाय, म्हणून तो नीट सांगतो. पायथन बिल्ड उत्तम झालेला, मेकच्या दोन्ही याद्या रिकाम्या, रूट म्हणून सगळी मॉड्यूल्स इम्पोर्ट होत होती. सर्व्हिसच्या युजरखाली मात्र एका पॅकेजबाबत 'नो मॉड्यूल नेम्ड'. सिस.पाथ दोन्हीकडे अक्षर न अक्षर सारखा. परवानगीचा प्रश्न असेल असं वाटलं नाही, कारण परवानगी नसेल तर 'पर्मिशन डिनाइड' यायला हवं ना? तसं येत नाही. पायथनचा शोधक एखाद्या फोल्डरची यादी वाचायला गेला आणि परवानगी मिळाली नाही, तर तो फोल्डर रिकामा आहे असं धरून गुपचूप पुढे जातो. ते पॅकेज ज्या रूट शेलमधून बसवलं होतं तिथे उमास्क (नव्या फाइली-फोल्डरची परवानगी ठरवणारा आकडा) ०७७ होता, त्यामुळे नवे फोल्डर फक्त रूटलाच वाचता येत होते. सर्व्हिसच्या युजरने त्या फोल्डरवर साधं एलएस केलं असतं तरी पाच मिनिटांत उलगडा झाला असता. तेव्हापासून मी रूटच्या टर्मिनलवर केलेली कुठलीही तपासणी ग्राह्य धरत नाही, आणि इन्स्टॉल करण्याआधी उमास्क ०२२ आहे ना ते बघतो.

तर तुमच्यासाठी क्रम असा. डेव्ह पॅकेजेस बसवा, ओपनएसएसएलची आवृत्ती पाहा. जुन्या बिल्डच्या फोल्डरमध्ये नुसतं मेक पुन्हा मारू नका, सोर्स नव्या फोल्डरमध्ये उघडा आणि कॉन्फिगरपासून सुरुवात करा. कॉन्फिगर प्रत्येक ऐच्छिक मॉड्यूलबद्दल काय सापडलं ते बरंचसं तिथेच सांगतं, आणि ३.१२ पासून तर कुठलं मॉड्यूल बिल्ड होणार हे सगळं कॉन्फिगरमध्येच ठरतं, त्यासाठी मेकपर्यंत थांबायचीही गरज नाही. पहिल्या खेपेला '--इनेबल-ऑप्टिमायझेशन्स' देऊ नका. त्याने बिल्डला खूप वेळ लागतो आणि आपल्याला आत्ता फक्त दोन्ही याद्या रिकाम्या झालेल्या पाहायच्या आहेत. त्या झाल्या की मग ऑप्टिमायझेशन लावून खरा बिल्ड करा.

इन्स्टॉल करताना प्रीफिक्स '/यूएसआर/लोकल' असेल तर मेक इन्स्टॉलऐवजी मेक ऑल्टइन्स्टॉल वापरा. साधं इन्स्टॉल 'पायथन३' नावही घेतं, आणि पाथमध्ये '/यूएसआर/लोकल' आधी येत असल्यामुळे सिस्टिमच्या स्क्रिप्ट तुमच्या पायथनवर येऊन आदळतात. तुमच्यासारखा '/ऑप्ट' खाली स्वतंत्र फोल्डर असेल तर एवढी भीती नाही. पण '/यूएसआर/बिन' मधला पायथन३ चा दुवा नव्या पायथनकडे कधीही वळवू नका. उबुंटूवर त्यानंतर 'अ‍ॅप्ट_पीकेजी' मॉड्यूल नाही असे एरर सुरू होतात आणि रेड हॅटच्या बाजूला काही आवृत्त्यांवर खुद्द डीएनएफ पडतो, म्हणजे दुरुस्तीसाठी पॅकेज बसवायचं साधनच हातातून जातं.

बिल्ड झाल्यावर, अ‍ॅप्लिकेशन जोडण्याआधी, एका ओळीत एसएसएल, सीटाइप्स, एसक्यूलाइट३, झेडलिब, बीझेड२, एलझेडएमए, रीडलाइन आणि यूयूआयडी इम्पोर्ट करून बघा, आणि सोबत एसएसएल.ओपनएसएसएल_व्हर्जन छापा. छापलेली आवृत्ती तुम्ही बिल्डसाठी वापरलेलीच असायला हवी, दुसरी दिसली तर आरपाथकडे परत जा. ही ओळ सर्व्हिसच्या युजरखाली, होम फोल्डर सोडून दुसऱ्या फोल्डरमधून आणि '-आय' लावून चालवा. ती गप्प पार पडली की व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट नव्याने बनवून त्यात नमपाय बसवा. त्यानंतरही काही सापडत नसेल तर ट्रेसबॅकची शेवटची ओळ, सिस.पाथ आणि त्या मॉड्यूलच्या फाइलवरचं एलडीडीचं आउटपुट तिन्ही एकत्र पाठवा, तेवढ्यावरून पुढचं सांगता येईल.